बेथेलचा बाप : रेव्हरंड नारायण शेषाद्री

मराठीत ख्रिस्ती झालेल्या माणसांची चरित्रं काढून बघा. बाबा पदमनजी, नीळकंठशास्त्री गोरे, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक. पदमनजी कासार, बाकीची सगळी ब्राह्मण. त्यांची दुःखं खरी, त्यांचा त्याग खरा, त्याबद्दल वाद नाही. पण घाटावरचा ख्रिस्ती समाज उठवून ओळीत उभा केला तर त्यात बामण किती निघतील? बोटावर मोजण्याइतके. बाकी सगळा महारवाडा आणि मांगवाडा. नगर, जालना, सोलापूर, औरंगाबाद, कुठंही जा. म्हणजे समाज एकाचा आणि चरित्रं दुसऱ्यांची, असा हा मामला आहे.

हे मी डहाणूत बसून लिहितोय, त्यालाही कारण आहे. अमेरिकेतल्या ब्रेदरन मंडळीचे पहिले मिशनरी १८९४ साली हिंदुस्थानात उतरले, बलसाडला राहिले आणि १९०२ साली डहाणूला आले. त्यांनी इथं शाळा काढल्या, दवाखाना काढला. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा ब्रेदरन मंडळीही त्यात गेली. आता रविवारी उपासनेला जे लोक बसतात त्यात वारली असतो, आणि नोकरीच्या पाठी घाट उतरून आलेला मांग किंवा महार ख्रिस्तीही असतो. बाक एकच, गीत एकच, प्रभुभोजनाची भाकर एकच. सोमवारी दोघं तहसील कचेरीत दाखल्याला गेले की मात्र रस्ता फुटतो. वारली ख्रिस्ती झाला तरी तो अनुसूचित जमातीचाच राहतो. मांग ख्रिस्ती झाला की कागदावर तो मांग राहत नाही. गावात राहतो, कागदावर नाही.

असं का झालं, हे शोधत मागं मागं गेलं की एका माणसाजवळ येऊन थांबावं लागतं. त्याचा डहाणूशी काही संबंध नाही. त्याचं काम जालन्याला. पण महाराष्ट्रात मांगांचं एक अख्खं गाव ख्रिस्ती म्हणून वसवणारा पहिल्या काही माणसांतला तो एक. रेव्हरंड डॉक्टर नारायण शेषाद्री. जन्मानं ब्राह्मण. हा माणूस सत्तरीपर्यंत जगला आणि त्यातली जवळजवळ पन्नास वर्षं ख्रिस्ती म्हणून जगला. त्याचं नाव ब्राह्मणांच्या इतिहासात नाही कारण तो बाटला. आमच्या इतिहासात नाही कारण तो ब्राह्मण. मिशनच्या इतिहासात आहे, पण तिथं तो नमुना म्हणून आहे, माणूस म्हणून थोडा.

सुरुवात मुंबईची. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट तिथं शाळा चालवत होते. १८३९ साली धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी पोरांनी बाप्तिस्मा घेतला. गाव पेटलं, प्रकरण कोर्टात गेलं, शाळा ओस पडली. पोरं हळूहळू परत आली, कारण इंग्रजी शिकायला दुसरीकडे जागा कुठं होती? नोकरी पाहिजे, इंग्रजी पाहिजे, मिशनरी मात्र नको. ही त्या काळच्या पांढरपेशाची अडचण होती आणि ती अजूनही सुटलेली नाही. पोरगं कॉन्व्हेंटला घालायचं आणि घरी येऊन मिशनऱ्यांना शिव्या द्यायच्या, हे आपण रोज बघतो.

१८४३ साली नारायणनं बाप्तिस्मा घेतला. तो विशीतला, सज्ञान. त्याच्याबद्दल बापाला काही करता आलं नाही. पण त्याच्यामागं त्याचा धाकटा भाऊ श्रीपत होता. वय बारा. तोही नेस्बिटसाहेबाच्या घरी जाऊन राहिला आणि त्यांच्यात जेवला. बाप मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेला. माझं पोर मला द्या. कोर्टानं बघितलं की मुलगा अज्ञान आहे, बऱ्यावाईटाचा निर्णय करण्याचं त्याचं वय नाही, आणि त्याला बापाच्या हवाली केलं.

इथं जरा थांबलं पाहिजे. त्या बापाचं काय झालं असेल? दोन पोरं. थोरला हातचा गेला. धाकटा कोर्टातून ओढून आणला, तोही ख्रिस्त्याघरचं अन्न खाल्लेला. मी ब्राह्मणांचा कैवार घेत नाही, पण बाप तो बाप. त्याच्या जागी कुणीही असता तरी कोर्टाची पायरी चढलाच असता. पोर परत मिळालं आणि खरा प्रश्न पुढंच उभा राहिला. ह्या पोराला आता घरात कुठं बसवायचं? पंगतीत घ्यायचं का? ताट कुठं मांडायचं?

श्रीपतीला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं, असा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनी घेतला. 'दर्पण' काढणारे, मराठी वर्तमानपत्राचे जनक म्हणून ज्यांची दरवर्षी ६ जानेवारीला आठवण काढतात तेच हे बाळशास्त्री. सनातन्यांनी त्यांना विरोध केला. मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. शास्त्रार्थ झाले. कोण कुणाकडे जेवतो, कोण कुणाला वाळीत टाकतो, ह्यावर गाव ढवळून निघालं. बाळशास्त्री १८४६ साली ऐन चौतिसाव्या वर्षी गेले, पण आजही त्यांच्या सुधारकीचा दाखला देताना श्रीपती शेषाद्रीचं प्रकरण सांगतात. सांगावंच. त्या काळात तेवढं करणंसुद्धा छातीचं काम होतं.

पण आम्ही ते प्रकरण वाचतो तेव्हा आमच्या डोळ्यांपुढं दुसरंच येतं. एका बारा वर्षांच्या ब्राह्मण पोराला चौकात परत घ्यायचं की नाही ह्यावर एवढं मोठं शहर भांडलं. त्याच शहरात, त्याच वर्षी, शेकडो मांगा-महारांची बारा वर्षांची पोरं होती. त्यांच्यासाठी कुठल्या शास्त्रीबुवानं पोथी उघडली? त्यांनी कुणाकडं जेवून आपला धर्म बुडवला होता? काही न करता ती जन्मतः बाहेर होती. बाटलेल्याला आत यायला प्रायश्चित्त होतं, न बाटलेल्याला आत यायला काहीच नव्हतं. हा हिशेब त्या वादात दोन्हीकडच्या एकानंही मांडला नाही. पुढं १८४९ साली परमहंस सभा निघाली. त्यातले तरुण लपून एकत्र जेवत, ख्रिस्ती माणसानं केलेला पाव खात, जातिभेद मोडला म्हणत. सभासदांची नावं फुटली तशी १८६० च्या सुमारास सभा बंद पडली. दाराला कडी लावून मोडलेली जात दार उघडल्याबरोबर पुन्हा जागेवर आली.

नारायणचं तसं झालं नाही. त्यानं दार उघडं टाकून जात मोडली, आणि परतीचा रस्ता ठेवला नाही. भावाला परत घेण्यासाठी गाव भांडत असताना हा आपला पलीकडे उभा राहून बघत होता. तेव्हा त्याच्या मनात काय चाललं असेल ते त्याचं त्याला माहीत. मला एवढंच दिसतं, की ज्या शुद्धीसाठी एवढा गहजब झाला ती शुद्धीच त्याच्या लेखी संपली. ज्याला पुन्हा शुद्ध व्हायचंच नाही त्याला विटाळ कसला? पुढं तो मांगवाड्यात जाऊन राहू शकला त्याची मुळी इथं आहे, असं माझं मत आहे. बाकीचे सुधारक चांगले होते, पण त्यांना रात्री घरी जायचं होतं.

आता त्याच वेळची पुण्याची गोष्ट. ज्योतिराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्याच शाळेत शिकले. म्हणजे नारायण आणि ज्योतिबा एकाच मिशनच्या दोन शाळांतले. एकानं धर्म घेतला, दुसऱ्यानं धर्म न घेता त्यातली माणसाच्या बरोबरीची गोष्ट उचलली. १८४८ साली ज्योतिबांनी मुलींची शाळा काढली, १८५२ च्या सुमारास महार-मांगांच्या मुलांसाठी. त्या शाळेत शिकणारी मुक्ता नावाची चौदा वर्षांची मांगाची पोर. तिनं निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचं पत्र, १८४२ साली नगरला सुरू झालेलं. मांगा-महारांच्या दुःखाविषयी त्या पोरीनं जे लिहिलं ते वाचून अजून अंगावर काटा येतो. पेशवाईत आमच्या माणसांना कसं वागवलं, इमारतीच्या पायात कसं गाडलं, हे तिनं सरळ लिहिलं. धर्म नेमका कुठला आमचा, हे देवालाच विचारलं. आज दलित साहित्याची सुरुवात कुठून धरायची यावर परिसंवाद होतात. मुक्ता साळवेपासून धरा की. तीही मांगाचीच.

हे सांगायचं कारण असं, की नारायण शेषाद्री जालन्याला गेला तेव्हा मांगवाडा काही मुका नव्हता. त्याला तोंड होतं. कान देणारा नव्हता.

१८५४ साली त्याला दीक्षा मिळाली, तो रेव्हरंड झाला. मुंबईत त्याला सोय होती. मिशनच्या शाळेत शिकवावं, इंग्रजीत व्याख्यानं द्यावीत, शहरातल्या शिकलेल्या हिंदूंशी वादविवाद करावेत, इतर बाटलेले ब्राह्मण करत होते तसं. पण तो मुंबई सोडून आत गेला, काही काळ इंदापूरकडे, आणि १८६३ साली जालन्याला. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात, तिथं हैदराबाद कंटिन्जंटची छावणी. ब्रिटिश मुंबई इलाख्यात निदान कोर्ट होतं, कायदा होता, तक्रार करता यायची. निजामी मुलखात देशमुख आणि पाटील हेच कोर्ट.

त्या मुलखातल्या मांगाचं जिणं काय होतं? दोर वळायचे, नाडे-सोल करायचे, केरसुण्या बांधायच्या. लग्नात डफडं वाजवायचं आणि मांडवाबाहेर बसून उष्टं खायचं. बायांनी बाळंतपणं करायची. मांगीणीनं नाळ कापलेलं पोर पुढं मोठं होऊन तिच्याच सावलीला बाटायचं. गावात कुठं चोरी झाली की पहिली लाथ मांगवाड्यात. फाशी द्यायलाही मांगच. मेलेल्या जनावरापासून गुन्हेगारापर्यंत गावाला जे हात लावायला नको ते सगळं आमच्याकडे. आणि बलुत्याला गेलं तर खळ्यावर शेवटचा नंबर. महारानंही मांगाला खालचं धरायचं, हेही लिहून टाकतो. आपल्यात हे लपवून चालणार नाही.

अशा वस्तीत एक पागोटं घातलेला माणूस येतो. बोलतो शुद्ध, दिसतो भटासारखा, आणि ओट्यावर येऊन बसतो. बसतो, हीच मोठी गोष्ट. पुस्तकातली वचनं नंतर. लोक आधी बसण्याकडे बघतात. पाणी मागितलं तर घेतो का, हे बघतात. ह्या परीक्षेत तो उतरला असला पाहिजे, नाहीतर मांगवाडा त्याच्यामागं गेला नसता.

लोक गेले. एकेकटे नाही, घरंच्या घरं. सवर्ण लेखक ह्याला नेहमी एक शब्द वापरतात: पोटासाठी बाटले. मिशनऱ्यांमध्येही असं म्हणणारे होते, त्यांनाही शिकलेला ब्राह्मण एक मिळाला तर शंभर मांगांपेक्षा मोलाचा वाटायचा. आता ह्या आरोपाला काय उत्तर द्यायचं? होय, पोटासाठी. पोटासाठी, पाण्यासाठी, पोराला पाटीपेन्सिल मिळावी म्हणून, आणि पाटलाची लाथ चुकावी म्हणून. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ ज्यांनी नुसता ऐकलाय त्यांनीच हे विचारावं. ब्राह्मण बाटला की तो सत्याच्या शोधात, आणि मांग बाटला की तो भाकरीच्या शोधात, असं कुणी ठरवलं? भुकेल्या माणसाला सत्य कळत नाही काय? माझ्या मते उलट आहे. भरल्या पोटी माणूस धर्मावर चर्चा करतो, उपाशी माणूस धर्माची किंमत करतो.

पुढची गोष्ट जमिनीची. ख्रिस्ती झालेल्या मांगाचा गावात छळ होणारच होता. बलुतं बंद, पाणी बंद, रस्ता बंद. तेव्हा नारायण शेषाद्रीनं निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जालन्याजवळ जमीन मिळवली आणि तिथं नवं गाव वसवलं. नाव बेथेल. बायबलात याकोब घर सोडून पळाला तेव्हा उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपला, तिथं त्याला स्वप्न पडलं, आणि त्या जागेला त्यानं बेथेल म्हटलं, देवाचं घर. उघड्यावर झोपणाऱ्यांच्या गावाला ते नाव बरोबर लागू पडलं. तिथं घरं झाली, शाळा झाली, प्रार्थनामंदिर झालं, शेती आली, हातचे व्यवसाय शिकवायला लागले.

बेथेलचं महत्त्व आपण नीट ध्यानात घेतलं पाहिजे. हे गाव गावकुसाबाहेर नव्हतं, कारण त्याला गावकूसच नव्हतं. मांगाचं घर मध्यभागी होतं. पुढं बाबासाहेबांनी दलितांच्या स्वतंत्र वसाहतीची मागणी केली, खेड्यातून बाहेर पडा म्हणून सांगितलं. १९४२ च्या नागपूरच्या परिषदेत तो ठरावच झाला. त्याच्या सत्तरएक वर्षं आधी जालन्याच्या माळावर त्याचा एक लहान नमुना उभा राहिला होता. मिशनच्या हेतूनं राहिला असेल, पण राहिला. ज्या मांगाला जन्मात कधी सारा भरायचा प्रश्न आला नव्हता, तो नांगरामागं उभा राहिला.

आणखी एक गोष्ट. स्कॉटिश मंडळीची रीत अशी, की पाळकाच्या जोडीला मंडळीतून माणसं निवडायची आणि कारभार त्यांनी मिळून पाहायचा. ह्या निवडलेल्या माणसांना मराठी ख्रिस्ती भाषेत 'वडील' म्हणतात. मंडळीचे वडील. आता विचार करा. गावात म्हाताऱ्या मांगालाही सवर्णाचं शेंबडं पोर 'ए मांग्या' म्हणून हाक मारायचं. आणि इथं त्यालाच 'वडील' म्हणायचं, उभं राहून. एका शब्दानं पोट भरत नाही, मान्य. पण ज्याला हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या मिळाला नाही त्यालाच त्याचं वजन कळेल.

१८७३ चं साल ह्या माणसाच्या आयुष्यात फार चमत्कारिक आहे. त्या वर्षी न्यूयॉर्कला ख्रिस्ती मंडळ्यांची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, ऑक्टोबर महिन्यात. तिथं नारायण शेषाद्री गेला, बोलला. हिंदुस्थानी पोशाखातला हा पाळक बघायला अमेरिकन लोक गर्दी करत. बेथेलसाठी पैसे पाहिजेत म्हणून तो परदेशी मंडळ्यांपुढं हिंडला. आणि त्याच वर्षी पुण्यात ज्योतिबांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. तिची अर्पणपत्रिका कुणाला? निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज निघाला. म्हणजे एकाच स्कॉटिश मिशनच्या शाळांतले दोन विद्यार्थी, एकाच वर्षी, एकाच अमेरिकेकडं तोंड करून बोलत होते. एक जाऊन म्हणत होता, आमच्या मांगांना मदत करा. दुसरा इथूनच म्हणत होता, तुम्ही जे केलंत ते आमच्या शूद्रातिशूद्रांना इथं करायचंय. एक दान मागत होता, एक दाखला मागत होता. दोघांची गाठ पडून ह्यावर बोलणं झालं असतं तर! पण इतिहासात 'असतं तर' चालत नाही.

ह्या दानाच्या बाजूनं बेथेलचं दुखणं सुरू होतं. गाव मांगांचं, पण जमीन ज्याच्या शब्दावर मिळाली तो एक माणूस. पैसा ज्याच्या चेहऱ्यावर येतो तोही तोच. शाळा त्याची, मंदिर त्याचं, भांडण झालं तर न्याय त्याचा. तो बेथेलचा बाप झाला. चांगला बाप. पोरांसाठी परदेशी वणवण करणारा, म्हातारपणीही घरी न बसणारा. पण बाप फार मोठा असला की पोरं लहानच राहतात. मिशनच्या अहवालात 'नारायण शेषाद्रींचे मांग' असा सूर लागतो. मांगांचे नारायण शेषाद्री असं कुणी म्हणत नाही. त्या गावातल्या ज्या पहिल्या माणसानं 'मी येतो' म्हणून पाटलाच्या तोंडावर सांगितलं, त्याला गमवायला ब्राह्मण्य नव्हतं, पण कोरभर भाकर होती, आणि तेवढीच होती. त्याचा त्याग कुणी मोजला? ब्राह्मणानं जानवं तोडलं त्याचं पुस्तक होतं. मांगानं बलुतं सोडलं त्याची वहीत एक ओळ होते: नाव, बापाचं नाव, तारीख.

नावावरून आठवलं. नारायण ख्रिस्ती झाला तरी नारायणच राहिला. शेषाद्री, तेही राहिलं. आमच्यातल्या पुष्कळांची नावं मात्र बदलली. कुणी याकोब झालं, कुणी शमुवेल, कुणी मार्था. काहींनी आनंदानं बदलली, जुन्या नावात काय ठेवलं होतं! धोंड्या, दगडू, केरू. तरी फरक तो फरक. एकाचं जुनं नाव मिरवण्यासारखं होतं, दुसऱ्याचं विसरण्यासारखं.

१ जानेवारी १९३८ ला बाबासाहेब सोलापूरच्या ख्रिस्ती लोकांपुढं बोलले. येवल्याच्या घोषणेला दोन वर्षं झाली होती, सगळ्या धर्मांची माणसं त्यांच्या दाराशी येत होती. त्यांनी तिथं ख्रिस्ताविषयी आदर दाखवला, आणि ख्रिस्ती समाजाला खडसावलंही. तुमच्यात शिकलेली माणसं आहेत, पण तुम्ही आपल्या हक्कासाठी भांडत नाही. मिशनऱ्यांना वाटतं बाप्तिस्मा दिला की काम संपलं. राजकारणात तुमचा आवाज नाही. असा त्या बोलण्याचा रोख. बाबासाहेबांनी जे सोलापूरला बघितलं तेच जालन्याला होतं. बापाच्या छत्राखाली वाढलेल्या लेकरांना भांडायची सवय राहिली नव्हती. मांगवाड्यातला मांग निदान शिवी द्यायचा. मिशन कंपाउंडमधला मांग अर्ज लिहायचा, आणि खाली 'आपला आज्ञाधारक' म्हणायचा.

हे मी नारायण शेषाद्रीच्या माथी मारत नाही. एका माणसानं एका आयुष्यात किती करायचं? १८९१ साली, परदेशाच्या अशाच एका फेरीत, समुद्रावर त्याला मरण आलं. ब्राह्मणाच्या घरात जन्म, मांगांच्या माळावर अठ्ठावीस वर्षं, आणि शेवट ना इकडं ना तिकडं, पाण्यावर. ज्याच्या भावाला समुद्रापलीकडच्या लोकांचं अन्न खाल्लं म्हणून प्रायश्चित्त सांगितलं, तो स्वतः समुद्रातच गेला. त्याच्यानंतर बेथेल राहिलं, जालन्याचं मिशन राहिलं. दवाखाना, शाळा, मंडळी सगळं चालू राहिलं. तेवढा मोठा माणूस मात्र पुन्हा झाला नाही, आणि खरं सांगायचं तर तसा होण्याची गरजही नव्हती. गरज होती ती मंडळीच्या 'वडीलां'नी नुसतं देवळात नाही तर कचेरीत, कौन्सिलात, चावडीवर उभं राहण्याची.

ते झालं नाही, आणि १९५० साल आलं. राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्यातलं तिसरं कलम सांगतं, की हिंदूशिवाय दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख घातले. १९९० साली बौद्ध घातले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींच्या आदेशात असं कलमच नाही, म्हणून डहाणू-तलासरीचा ख्रिस्ती वारली आदिवासी राहतो. त्याचंही जातप्रमाणपत्र काढून घ्या, अशी मागणी आता जोरात चालू आहे, तोही भाग विसरू नये. आज मांगावर आलं ते उद्या वारल्यावर येऊ शकतं.

१९८५ साली मद्रासच्या एका ख्रिस्ती चांभाराचं, सूसाईचं, प्रकरण सुप्रीम कोर्टात निकाली निघालं. कोर्टानं म्हटलं, धर्म बदलल्यावरही तोच अपंगपणा, तेवढाच जाच राहतो हे पुराव्यानं दाखवा. म्हणजे जात गेली नाही हे दाखवायचं कुणी? जिच्यापायी तो छळला गेला त्यानंच. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं शिफारस केली की अनुसूचित जातीला धर्माची अट नको. ती तशीच पडली. २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा नवा आयोग. आयोगांची पोटं भरली, आमचं ताट तिथंच.

तेव्हा घरोघर एक युक्ती निघाली, ती सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, मंडळीच्या वहीत दुसरं. कागदावर हिंदू मांग, रविवारी ख्रिस्ती. १८४३ साली श्रीपतीला जातीत परत घ्यायला शास्त्री भांडले. आता मांगाच्या पोराला जातीत परत जायला एक फॉर्म भरावा लागतो, आणि ह्या परतीला कुणी सुधारणा म्हणत नाही, फसवणूक म्हणतात. नारायण शेषाद्रीनं दार उघडं टाकून जात मोडली होती. त्याच्या बेथेलच्या नातवंडांना सरकारनं परमहंस सभेत नेऊन बसवलं. आत एक, बाहेर एक.

ह्यासाठी मी त्या माणसाची आठवण काढतोय. त्याची शताब्दी कधी झाली कुणाला कळलं नाही. पुतळा नाही, आणि नको. पण त्याच्याबरोबर जे मांग १८६३ नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत उठून आले त्यांची नावं गोळा झाली पाहिजेत. त्या पोरांनी कुठं शाळा घेतली, कुठं मास्तरकी केली, कोण पाळक झालं, कोण गिरणीत गेलं, कोण नर्स झालं, हे लिहिलं पाहिजे. मंडळीच्या वह्या सडायच्या आत उतरवून घेतल्या पाहिजेत. जुन्या घरांत मराठी बायबलं असतात. त्यांच्या पहिल्या कोऱ्या पानावर आज्यापणज्यांनी जन्म, लग्न, बाप्तिस्मा, मरण शाईनं लिहून ठेवलेलं असतं. जालना, बेथेल, अंबड, औरंगाबादकडच्या ज्या घरांत असं बायबल असेल त्यांनी ते पान तसंच्या तसं उतरवून ह्या अंकाच्या पत्त्यावर पाठवावं. जुनं मांग नाव लिहिलेलं असेल तर तेही गाळू नये. कुणाची कागदपत्रं अडचणीत येतील अशी भीती असेल तर आडनाव सोडून द्या, गाव आणि साल तेवढं लिहा. अक्षर लागत नसेल तरी चालेल, आम्ही लावून घेऊ.